उन्हाला व्याज लागते
(इंदूरच्या हरित कर्जरोख्यांच्या निमित्ताने)

सूर्यप्रकाश फुकट मिळतो, मग त्यापासून तयार केलेली वीज फुकट का मिळत नाही, असा प्रश्न वाणिज्य शाखेच्या वर्गात भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतील फरक शिकवताना विद्यार्थी मला नेहमी विचारतात. प्रश्न वरवर भाबडा वाटतो. पण तो अर्थशास्त्राच्या गाभ्यालाच हात घालणारा आहे. विहिरीचे पाणीही फुकटच असते. परंतु विहीर खणायला पैसा लागतो आणि तो पाणी लागण्यापूर्वी खर्चावा लागतो. सौरविजेचे नेमके असेच आहे.

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राला उभारणीचा खर्च येतोच. शिवाय ते चालू असेपर्यंत रोज कोळसा विकत घ्यावा लागतो. म्हणजे त्याच्या खर्चाचा मोठा भाग वर्षानुवर्षे थोडाथोडा होत राहतो. सौरप्रकल्पाला इंधन लागत नाही. देखभाल, काचा धुणे, राखण हा खर्च किरकोळ. बाकी जवळजवळ सर्व खर्च पहिल्या दिवशीच करावा लागतो आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे त्याची फळे खायची असतात. हा पहिल्या दिवसाचा पैसा कोणी द्यायचा आणि किती व्याजाने द्यायचा, यावर विजेची किंमत ठरते. पवनविद्युत आणि जलविद्युत यांनाही हीच गोष्ट कमीअधिक प्रमाणात लागू आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. मोठ्या प्रकल्पात एक किलोवॉट क्षमतेमागे ४०,००० रुपये खर्च येतो, तेवढ्या क्षमतेतून वर्षाला १,६०० युनिट वीज मिळते आणि यंत्रणा २० वर्षे चालते, असे धरू. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. भांडवल बिनव्याजी मिळाले तर भांडवलापोटी एका युनिटचा खर्च पडतो १ रुपया २५ पैसे. तेच पैसे ५ टक्के व्याजाने काढून २० समान वार्षिक हप्त्यांत फेडले तर खर्च २ रुपये १ पैसा. व्याज ८.२५ टक्के असेल तर २ रुपये ५९ पैसे, आणि १२ टक्के असेल तर ३ रुपये ३५ पैसे. सूर्य तोच, काचा त्याच, जमीन तीच. बदलला तो फक्त व्याजाचा दर. सव्वाआठ टक्क्यांच्या कर्जावर उभारलेल्या प्रकल्पात विजेच्या किमतीतील निम्म्याहून अधिक वाटा व्याजाचा असतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, की उन्हाला दाम लागत नाही, पण व्याज लागते.

आणि व्याजाचा दर कशावर ठरतो? पैसे बुडणार नाहीत या भरवशावर. ज्याची पत मोठी त्याला स्वस्त पैसा, ज्याची पत लहान त्याला महाग पैसा, हा सावकारी व्यवहाराचा जुना नियम येथेही चुकत नाही. तेव्हा अपारंपरिक ऊर्जेच्या अर्थव्यवस्थेत यंत्राइतकेच महत्त्व पतीला आहे. ही गोष्ट पुस्तकी व्याख्यांपेक्षा एका शहराच्या उदाहरणावरून चांगली समजेल. ते शहर म्हणजे इंदूर.

इंदूरचे पाणी आणि विजेचे बिल

होळकरांच्या या राजधानीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले आहे. गावात मोठी नदी नाही. यशवंतसागर आणि बिलावली यांसारख्या तलावांवर वाढत्या वस्तीची तहान भागेना, तेव्हा १९७० साली नर्मदेचे पाणी इंदूरला आणावे यासाठी नागरिकांनी मोठे आंदोलन केले आणि १९७८ साली नर्मदा इंदूरच्या नळाला आली. हे पाणी खरगोन जिल्ह्यात मंडलेश्वरजवळ जलूद येथे उचलले जाते. अहिल्याबाईंचे महेश्वर तेथून अगदी जवळ आहे. जलूद ते इंदूर हे अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे.

खरी अडचण अंतराची नसून उंचीची आहे. नर्मदेचे पात्र तेथे समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटरवर आहे आणि वाटेत विंध्याचा घाट इंदूरपेक्षाही उंच आहे. पाणी आधी घाटाच्या माथ्यापर्यंत चढवावे लागते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा हिशेब सहज करता येईल. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर उंच चढवायला किमान १.३६ युनिट ऊर्जा लागते. पंप, मोटर आणि नळातील घट धरली तर सुमारे दोन युनिट. म्हणजे दर दहा कोटी लिटर पाण्यामागे रोज दोन लाख युनिट वीज. इंदूर रोज याच्या कित्येक पट पाणी उचलते. या कामाचे वीजबिल महिन्याला वीस ते पंचवीस कोटी रुपयांच्या घरात जाते, असे सांगितले जात होते. नळाला आलेल्या प्रत्येक घागरीत विजेचा पैसा मिसळलेला असतो तो असा.

हे बिल कमी करण्यासाठी जलूद परिसरातच ६० मेगावॉट क्षमतेचा सौरप्रकल्प उभारण्याचे महानगरपालिकेने ठरवले. प्रश्न उरला भांडवलाचा.

एकाच शहरातील दोन वाटा

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. याच इंदूरने थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या एका ऊर्जाप्रकल्पासाठी निराळी वाट धरली होती. देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वाहनांसाठी गॅस तयार करणारा प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. त्यात भांडवल खाजगी कंपनीने घातले. महानगरपालिकेने जागा आणि घरोघरी वेगळा केलेला कचरा पुरवायचा, कंपनीने पालिकेला दरवर्षी अडीच कोटी रुपये द्यायचे आणि शहराच्या बसगाड्यांना बाजारभावापेक्षा किलोमागे पाच रुपये कमी दराने गॅस द्यायचा, असा तो करार होता. या पद्धतीत पालिकेच्या डोक्यावर कर्ज येत नाही. धोका कंपनीचा, आणि म्हणून नफ्याचा मोठा वाटाही कंपनीचाच.

सौरप्रकल्पासाठी मात्र पालिकेने स्वतःच्या नावावर लोकांकडून कर्ज काढले. या पद्धतीत बचत आपली, पण धोकाही आपला. कोणती पद्धत चांगली, याचे एकच उत्तर नाही. कचऱ्यापासून गॅस करण्याचे तंत्र नाजूक आहे. त्यातील अनुभवी माणसावर धोका सोपवणे शहाणपणाचे ठरते. सौरयंत्रणेचे तंत्र आता सरावाचे झाले आहे, आणि विजेचे गिऱ्हाईक तर पालिका स्वतःच आहे. अशा वेळी कर्ज काढून मालकी स्वतःकडे ठेवण्याचा विचार करता येतो.

हरित कर्जरोखे म्हणजे काय

कर्जरोखा म्हणजे कर्ज घेतल्याची, हस्तांतर करता येईल अशी पावती. कर्ज एकाच बँकेकडून न घेता हजारो लोकांकडून थोडेथोडे घ्यायचे, ठरल्या तारखांना व्याज द्यायचे आणि मुदत संपली की मुद्दल परत करायचे. रोखा ‘हरित’ तेव्हा म्हणतात, जेव्हा जमा झालेला पैसा पर्यावरणाला उपकारक अशा जाहीर केलेल्या कामावरच खर्च करण्याचे बंधन कर्ज घेणारा पत्करतो आणि त्याचा हिशेब प्रसिद्ध करतो.

नगरपालिकांनी रोखे काढण्याची प्रथा आपल्याकडे अगदीच नवी नाही. बंगळूर महानगरपालिकेने १९९७ साली राज्य सरकारच्या हमीवर १२५ कोटी रुपये उभे केले. पुढच्याच वर्षी अहमदाबादने कोणाचीही हमी न घेता, केवळ स्वतःच्या पतीवर १०० कोटी रुपये मिळवले. पुण्याने २०१७ साली पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये काढले. गाझियाबादने २०२१ साली सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी देशातील पहिले नगरपालिका हरित रोखे काढले; पण ते निवडक संस्थांनाच विकले गेले. सर्वसामान्य माणसाला ज्यांसाठी थेट अर्ज करता आला, असे नगरपालिकेचे पहिले हरित रोखे इंदूरचे. त्यांची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली.

रक्कम होती २४४ कोटी रुपये: मूळ विक्री १२२ कोटींची आणि मागणी आली तर आणखी १२२ कोटी ठेवून घेण्याची मुभा. प्रत्यक्षात सुमारे ७२० कोटी रुपयांचे अर्ज आले. व्याजाचा दर वार्षिक ८.२५ टक्के, आणि व्याज दर सहा महिन्यांनी. पतमापन करणाऱ्या दोन संस्थांपैकी एकीने ‘एए प्लस’ आणि दुसरीने ‘एए’ असा दर्जा दिला होता. रोखा १,००० रुपयांचा, आणि किमान अर्ज दहा हजार रुपयांचा. प्रत्येक रोख्याचे २५० रुपयांचे चार भाग केलेले असून ते अनुक्रमे ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी परत करायचे, अशी अट होती. रोख्यांची नोंदणी राष्ट्रीय शेअरबाजारात झाली.

कर्जाच्या बाबतीत इंदूरला एक जुना इतिहासही आहे. १८७० साली तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले. नर्मदा ओलांडून तो लोहमार्गही याच विंध्याच्या चढणीने माळव्यात आला. तेव्हा एका राजाने सरकारला कर्ज दिले. आता दहा हजार रुपये बाळगणाऱ्या नागरिकाने आपल्या नगराला कर्ज दिले. मला हा फरक फार मोठा वाटतो.

दोन्ही बाजूंचा हिशेब

आधी कर्ज देणाऱ्याची बाजू पाहू. दहा हजार रुपये गुंतवणाऱ्यास पहिली तीन वर्षे दरसाल ८२५ रुपये व्याज. तिसऱ्या वर्षाअखेर २,५०० रुपये मुद्दल परत. मग दोन वर्षे व्याज ६१८ रुपये ७५ पैसे, पुढे दोन वर्षे ४१२ रुपये ५० पैसे आणि शेवटची दोन वर्षे २०६ रुपये २५ पैसे. नऊ वर्षांत एकूण व्याज ४,९५० रुपये. सर्व रक्कम बँकेतील ठेवीप्रमाणे एकदम परत मिळत नाही, ही गोष्ट अर्ज भरतानाच समजून घ्यायला हवी. घरातील निवृत्त माणसाला नियमित उत्पन्नासाठी ही रचना सोयीची. मुलीच्या शिक्षणासाठी एकरकमी पैसा हवा असणाऱ्यास कदाचित गैरसोयीची.

आता पालिकेची बाजू. २४४ कोटींवर पहिल्या वर्षाचे व्याज २० कोटी १३ लाख. मुद्दलाचे ६१ कोटींचे चार हप्ते. नऊ वर्षांचे एकूण व्याज १२० कोटी ७८ लाख. म्हणजे एकंदर परतफेड सुमारे ३६५ कोटी. उलट बाजूस बचत किती? वर दिलेल्या प्रमाणाने ६० मेगावॉटमधून वर्षाला ९ कोटी ६० लाख युनिट वीज मिळेल. वहनखर्च वगैरे वजा जाता युनिटमागे पाच रुपये वाचले तर वर्षाची बचत ४८ कोटी आणि नऊ वर्षांची ४३२ कोटी. कर्ज फिटून पैसा उरतो. परंतु युनिटमागे चारच रुपये वाचले तर नऊ वर्षांत ३४५ कोटी ६० लाख. कर्जाला थोडे कमी पडतात. आणि बचत पाच रुपयेच राहिली, पण प्रकल्प उभा राहण्यात पहिली दोन वर्षे गेली, तर उरलेल्या सात वर्षांची बचत ३३६ कोटी, पुन्हा कमीच. रोख्यांचे व्याज पैसा हातात पडल्या दिवसापासून सुरू होते. वीज सुरू होते ती प्रकल्प पुरा झाल्यावर. उशिराची किंमत ती हीच.

यावरून प्रकल्प तोट्याचा आहे असे कोणी समजू नये. नवव्या वर्षानंतरही काचा वीज देतच राहतात आणि तेव्हा कर्ज उरलेले नसते. अडचण आहे ती मुदतीच्या विजोडपणाची. वीस-पंचवीस वर्षे चालणारी वस्तू नऊ वर्षांच्या कर्जावर घेतली की मधली वर्षे ओढीची जातात. ती ओढ पालिकेने आपल्या इतर उत्पन्नातून, म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी यांतून भागवायची असते. म्हणूनच पतमापन करणारे सौरप्रकल्पाकडे पाहतात त्याहून बारकाईने पालिकेच्या करवसुलीकडे पाहतात. घरपट्टी वेळेवर भरणारा इंदूरचा नागरिक नकळत आपल्या शहराचे व्याज कमी करीत असतो.

पतीला किंमत असते

याच मध्य प्रदेशात रीवा येथे ७५० मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे. २०१७ साली त्याच्या लिलावात पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैसे इतका कमी दर आला. तोवर आपल्या देशात हा दर चार रुपयांच्या वर असे. काचा स्वस्त झाल्या हे एक कारण. पण दुसरे कारण आर्थिक होते. वीज विकत घेणाऱ्यांनी पैसे थकवले तर ते मिळावेत यासाठी राज्य सरकारच्या हमीसह पक्की व्यवस्था केलेली होती आणि दिल्ली मेट्रोसारखे चांगल्या पतीचे गिऱ्हाईक मिळाले होते. कर्ज देणाऱ्याची भीती कमी झाली, तशी विजेची किंमतही उतरली. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये आपले पहिले हरित रोखे विकले तेव्हा पाच वर्षांसाठी ७.१० आणि दहा वर्षांसाठी ७.२९ टक्के व्याज द्यावे लागले. पुढच्याच महिन्यात इंदूरला ८.२५ टक्के द्यावे लागले. काम दोघांचेही हरितच, फरक पतीचा.

आपल्या जवळचे उदाहरण कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील पावगडा येथील २,०५० मेगावॉटच्या सौरउद्यानाचे. तेथे शेतकऱ्यांची जमीन विकत न घेता भाड्याने घेतली गेली: एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. दुष्काळी भागातील जमीनमालकाला हे निश्चित उत्पन्न झाले, आणि मालकीही त्याच्याकडे राहिली. एका अर्थाने जमीन हीच त्याची गुंतवणूक. मात्र ज्याच्याकडे जमीन नव्हती आणि जो त्या शेतांवर मजुरी करीत होता, त्याच्या हाती भाडे येत नाही. त्याचे कामच गेले. गुंतवणुकीच्या ताळेबंदात हा रकाना सहसा नसतो. तो असायला हवा.

घरगुती पातळीवरही हाच नियम चालतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या छतावरील सौरविजेच्या योजनेत तीन किलोवॉटच्या यंत्रणेस ७८,००० रुपयांचे अनुदान ठरवण्यात आले. अनुदान म्हणजे बिनव्याजी भांडवलच. त्यामुळे उरलेल्या रकमेवरील व्याज घटते. पण दहा टक्क्यांच्या कर्जावर छत सजवणारा आणि साठवलेल्या पैशातून सजवणारा, या दोघांच्या विजेची खरी किंमत सारखी नसते. जाहिरातीत ही गोष्ट सांगितलेली आढळत नाही.

विचारण्याजोगे प्रश्न

हरित या शब्दाचे आकर्षण आज मोठे आहे. चांगल्या कामाला पैसा मिळावा हे योग्यच. पण नुसत्या शब्दावर भुलून कोणी पैसे गुंतवू नयेत. कोणताही ऊर्जाप्रकल्प पुढे आला की चार गोष्टी विचाराव्यात. भांडवल कोणाचे आणि व्याज किती? वीज विकत कोण घेणार, आणि त्याने पैसे थकवले तर काय? कर्जाची मुदत आणि यंत्रणेचे आयुष्य यांचा मेळ बसतो का? आणि प्रकल्प रखडला तर नुकसान कोण सोसणार: कंपनी, कर्ज देणारा, की पाणीपट्टी भरणारा? या चार प्रश्नांची उत्तरे जेथे कागदावर स्पष्ट मिळतात, तेथे हरित हा शब्द विश्वासाचा.

इंदूरच्या रोख्यांचा शेवटचा भाग परत करण्याची मुदत २०३२ मध्ये येते. पहिल्या विक्रीला तिपटीने अर्ज आले ही उत्साहाची गोष्ट आहे. तिची कसोटी मात्र प्रत्येक सहामाहीला व्याज वेळेवर जाण्यात आणि प्रत्येक महिन्याच्या वीजबिलात आहे. ती पार पडली, तर पुढे अशा कामासाठी कर्ज काढणाऱ्या आपल्या भागातील एखाद्या लहान नगरपालिकेलाही पाव-अर्धा टक्का व्याज कमी द्यावे लागेल. आज वर्गात चक्रवाढ व्याजाची गणिते कंटाळून सोडवणारे आमचे विद्यार्थी उद्या त्याच नगरपालिकेचे हिशेबनीस, अभियंते किंवा करदाते असतील. त्यांनी आपल्या गावच्या नगरपालिकेचा अर्थसंकल्प एकदा मागवून पाहावा; पाणी उचलण्याच्या विजेवर किती पैसे जातात आणि पाणीपट्टीची वसुली किती होते, हे दोनच आकडे शोधावेत. आपल्या गावात सौरविजेसाठी कर्ज काढणे परवडेल की नाही, याचा अंदाज त्यांना स्वतःच बांधता येईल.